तरुणांनी फक्त सतरंज्याच उचलायच्या काय?

१५ ऑगस्ट २०२४ रोजी लाल किल्ल्याच्या तटावरून पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी देशातील तरुणाईला एक आवाहन केले. ज्यांच्या घरात राजकारणाची कोणतीही पूर्वपीठिका नाही, अशा एक लाख तरुणांनी लोकप्रतिनिधी म्हणून सार्वजनिक जीवनात यावे आणि घराणेशाही व जातीयवाद यांच्या विळख्यातून राजकारण सोडवावे, असा त्या आवाहनाचा आशय होता. त्यामागचे साधे गणित मात्र ध्यानात घ्यायला हवे. लोकसभेच्या निवडून येणाऱ्या जागा ५४३, महाराष्ट्र विधानसभेच्या २८८. एक लाख तरुण या सभागृहांत मावायचे कसे? या आवाहनाचा खरा पत्ता गावच्या चावडीचा आहे, पंचायत समितीचा आहे, नगर परिषदेच्या सभागृहाचा आहे. एकट्या महाराष्ट्रात जवळपास २८ हजार ग्रामपंचायती आहेत. तरुणांना सामावून घेण्याची ताकद लोकशाहीच्या याच पायरीत आहे.

महाराष्ट्राने या आवाहनाला काय उत्तर दिले? ज्या दिवशी ते शब्द उच्चारले गेले, त्या दिवशी राज्यातील सर्व महानगरपालिकांत आणि बहुतांश जिल्हा परिषदांत एकही लोकनियुक्त सदस्य नव्हता. तेथे प्रशासकांचा अंमल होता. तरुणांनी यावे असे दिल्लीतून सांगितले जात होते आणि ज्या दारातून त्यांनी आत यायचे, त्या दाराला महाराष्ट्रात कुलूप होते.

नऊ वर्षांचे कुलूप

मुंबई महानगरपालिकेची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ रोजी झाली. त्यानंतरची निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ रोजी. या दोन तारखांमधले अंतर नऊ वर्षांना अवघे महिनाभर कमी आहे. २०१७ च्या मार्च महिन्यात ज्या मुलामुलींनी वयाची १८ वर्षे पूर्ण केली, त्यांना आपल्या शहराच्या कारभारासाठी पहिले मत देण्यास सत्ताविसावे वर्ष उजाडेपर्यंत थांबावे लागले. ज्यांनी त्याच महिन्यात एकविसावे वर्ष पूर्ण केले, म्हणजे जे कायद्याने उमेदवारीस पात्र ठरले, ते पहिली संधी येईपर्यंत तिशीच्या उंबरठ्यावर पोहोचले. नवी मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर येथील स्थिती याहून वाईट. तेथील आधीची निवडणूक एप्रिल २०१५ मधली; म्हणजे जवळजवळ अकरा वर्षांचा खंड. पंचविशीच्या आतील नगरसेवकांची एक संपूर्ण पिढी महाराष्ट्राच्या शहरांनी अशी गमावली. ती पुन्हा मिळणार नाही.

विलंबाला कारणे होती, हे खरे. आधी कोरोनाची साथ आली. ४ मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या राजकीय आरक्षणासाठी तीन कसोट्यांची अट घातली आणि राज्याजवळ त्यासाठी लागणारी आकडेवारी नव्हती. त्या समाजाला न्याय मिळालाच पाहिजे होता आणि त्यासाठी काही काळ थांबणे समजण्यासारखे होते. परंतु पुढे जे झाले त्याला काय म्हणावे? महाविकास आघाडी सरकारने मुंबईचे प्रभाग २२७ वरून २३६ केले. सत्ताबदलानंतर नव्या सरकारने ते पुन्हा २२७ केले. प्रभागरचना कुणी करायची, सदस्यसंख्या किती ठेवायची, यावर याचिकांमागून याचिका दाखल झाल्या. थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. खेळाचे नियम दर डावाला बदलत राहिले, तर नवा खेळाडू मैदानात उतरणार कसा? नियम बदलण्याचा तोटा जुन्या मुरब्ब्याला होत नाही. त्याच्याजवळ पैसा असतो, माणसे असतात, वकील असतात. तोटा होतो तो ज्याने पाच वर्षे एका वस्तीत चिकाटीने काम केले आणि निवडणुकीच्या तोंडावर जिची वस्तीच दुसऱ्या प्रभागात गेलेली आढळली, त्या नवख्या कार्यकर्त्याचा.

अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला बडगा उगारावा लागला. चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश झाला आणि तीही मुदत वाढवून ३१ जानेवारी २०२६ पर्यंत न्यावी लागली. वास्तविक ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून स्पष्टच सांगितले आहे की, पंचायत असो वा नगरपालिका, मुदत संपण्याच्या आत नव्या निवडणुका पूर्ण झाल्याच पाहिजेत. घटनेचा मजकूर सर्वांना तोंडपाठ आहे. सत्ता या पक्षाची होती की त्या पक्षाची, हा प्रश्न येथे गौण ठरतो. विधानसभेची निवडणूक एक दिवसही लांबलेली चालत नाही, मग नगरपालिकेची चार चार वर्षे का चालते? कारण तिथे कुणाचे मंत्रिपद जात नाही. जाते ते फक्त गल्लीतल्या तरुणाची संधी.

या काळात मुंबई महापालिकेचे अर्थसंकल्प नगरसेवकांविना मंजूर होत राहिले. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा होता. देशातील कित्येक लहान राज्यांच्या अर्थसंकल्पाहून मोठी अशी ही रक्कम. ती कुठे खर्च व्हावी हे विचारणारा एकही निर्वाचित प्रतिनिधी सभागृहात नव्हता. प्रशासक कार्यक्षम असू शकतो. परंतु कार्यक्षम कारभार आणि स्वराज्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लोकमान्यांच्या महाराष्ट्राला कुणी शिकवावे?

फलकावर छायाचित्र, उमेदवारीवर आडनाव

कुलूप निघाले म्हणून दार सताड उघडले, असे मात्र घडलेले नाही. आत जाण्याच्या वाटेवर घराणी उभी आहेत. तालुक्याचा आमदार, त्याचा भाऊ जिल्हा परिषदेत, वहिनी पंचायत समितीत, पुतण्या साखर कारखान्याच्या संचालक मंडळात आणि मुलगा ‘युवा नेते’ म्हणून चौकाचौकांतील फलकांवर. हे चित्र कोणत्या एका पक्षाचे नाही. महाराष्ट्रातील कोणताही तालुका डोळ्यांसमोर आणावा. वाचकांना नावे सांगण्याची गरज पडणार नाही. या फलकांवर नेत्याच्या मोठ्या छायाचित्राखाली टपालतिकिटाएवढ्या चेहऱ्यांची एक रांग असते. ती रांग म्हणजे आजच्या राजकारणातील ‘तरुणांचा सहभाग’! सभेच्या आदल्या रात्री मांडव उभारायचा, सकाळी दुचाकींची फेरी काढायची, दुपारी घोषणा द्यायच्या आणि सभा संपल्यावर सतरंज्या उचलायच्या. उमेदवारीची यादी लागते तेव्हा या रांगेतले एखादे नाव चुकून दिसले तर दिसले.

सतरंज्या उचलणे हे हलके काम नव्हे. संघटनेत कोणतेच काम हलके नसते आणि सतरंजी उचलल्याशिवाय कार्यकर्ता घडत नाही, हा संस्कार मोलाचाच आहे. परंतु या संस्काराचा आधार घेऊन कुणी तरुणांना जन्मभर सतरंजीशीच बांधून ठेवणार असेल, तर तो संस्काराचा गैरवापर होय. ज्याने सतरंजी घातली, त्यानेच उद्या तिच्यावर बसून गावाचा हिशेब मागितला पाहिजे. ही दुसरी पायरी जिथे नाही, तिथे कार्यकर्ते घडत नाहीत; तिथे फक्त रोजंदारीवर माणसे वापरली जातात.

घराण्यांच्या जोडीला पैसा आहे. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांच्या वेळी नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांत सरपंचपदासाठी चक्क बोली लागल्याचे उघड झाले. उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेली, खोंडामळीत ती ४२ लाखांवर थांबली. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक प्रक्रिया रद्द केली, हे योग्यच झाले. यातील सर्वांत क्लेशकारक भाग असा की, उमराण्यातील बोलीचा पैसा मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी असल्याचे सांगण्यात आले. मंदिराचा जीर्णोद्धार पवित्रच. म्हणून गावाचे मत विकून तो करायचा? देवाच्या नावावर अधर्म केला की तो धर्म होतो काय? एखाद्या तथाकथित पुरोगाम्याने मंदिरावर टीका केली तर ज्यांच्या भावना उफाळून येतात, त्यांनी या लिलावावर अधिक संतापायला हवे होते. श्रद्धेची अशी विटंबना बाहेरचा शत्रू करू शकत नाही, ती घरातलेच करतात. शिवाय हा लिलाव गावातील एखाद्या तळमळीच्या, परंतु खिशाने फाटक्या तरुणाला काय सांगतो? तुझे शिक्षण, तुझी सचोटी, तुझे गावासाठीचे कष्ट यांचे मोल शून्य आहे, हेच ना?

सुशिक्षित घरांचे सोवळे

दोष केवळ नेत्यांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. नगरांतील सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांनी राजकारणाशी जे सोवळे पाळले आहे, त्याचाही हिशेब मांडला पाहिजे. मुलगा अभियंता व्हावा, मुलीने परदेशी जाऊन उच्चशिक्षण घ्यावे, नातू जर्मन भाषा शिकावा. त्यात गैर काही नाही. परंतु त्याच मुलाने ‘मला नगर परिषदेची निवडणूक लढवायची आहे’ असे म्हटले, की घरात सुतक पडल्यासारखी शांतता पसरते. ‘ते आपल्यासारख्यांचे काम नाही’ हे वाक्य मग हमखास ऐकू येते. रस्त्यातील खड्डे, दिवसाआड येणारे पाणी, कचऱ्याचे ढीग आणि अतिक्रमणे यांवर रोज सायंकाळी तावातावाने बोलायचे; आणि ज्या सभागृहात त्यांचा निर्णय होतो तिथे जाणे मात्र कमीपणाचे मानायचे! मग हे काम कुणाचे? ज्यांना ठेके हवेत त्यांचे?

हे सोवळे या समाजाला परंपरेने मिळालेले नाही. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये पुणे नगरपालिकेवर निवडून गेले होते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी याच नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवले. सरदार वल्लभभाई पटेल यांची कारभारावरील पकड प्रथम दिसली ती अहमदाबादच्या नगरपालिकेत. १९२४ ते १९२८ या काळात ते तिचे अध्यक्ष होते. सुभाषचंद्र बोस १९२४ मध्ये कलकत्ता महानगरपालिकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले, तेव्हा त्यांचे वय होते अवघे २७. आयसीएसच्या मानाच्या नोकरीवर पाणी सोडलेल्या या तरुणाला शहराची गटारे आणि दिवाबत्ती यांत कमीपणा वाटला नाही. मग आज कोणत्या थोरवीच्या बळावर सुशिक्षित घरे नाक मुरडतात?

तरुणांना अनुभव नसतो, ही सबब जुनीच आहे. पानिपतानंतर विस्कटलेला मराठ्यांचा कारभार थोरल्या माधवरावांनी हाती घेतला, तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. ज्या समाजाच्या इतिहासात हे घडले, त्याने एकविसाव्या वर्षी निवडणूक लढवू पाहणाऱ्या मुलाला ‘आधी मोठा हो’ म्हणावे, हे शोभत नाही.

भीतीचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून निर्घृण हत्या करण्यात आली. या हत्येला पवनऊर्जा प्रकल्पाकडे मागितलेल्या खंडणीच्या वादाची पार्श्वभूमी असल्याचे तपासात पुढे आले. गावच्या सरपंचाला असे मरण येते, हे पाहिल्यावर कोणते आईवडील आपल्या मुलाला या वाटेने धाडतील? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर घरात दडून बसणे हे नव्हे. एकटा सरपंच मारला जातो. ज्याच्या पाठीशी गावातील शंभर तरुण ग्रामसभेत उभे राहतात, त्याच्या अंगाला हात लावण्यापूर्वी गुंडही दहादा विचार करतो. सज्जनांनी मैदान सोडल्यानेच गुंडांना गाव मोकळे मिळते. आणि सज्जनांच्या पाठीशी शासनाने उभे राहिले पाहिजे, दोषींना शिक्षा झालीच पाहिजे, ही मागणीही तितक्याच जोराने करण्याचा अधिकार मैदानात असणाऱ्यालाच असतो.

परंपरा काय सांगते?

स्थानिक स्वराज्य ही इंग्रजांनी, विशेषतः लॉर्ड रिपनने दिलेली देणगी, असे शाळेपासून शिकवले जाते. तमिळनाडूतील कांचीपुरमजवळच्या उत्तरमेरूर येथील शिलालेख हा समज खोटा ठरवतो. चोल राजा पहिला परांतक याच्या काळातील, म्हणजे सुमारे अकराशे वर्षांपूर्वीचा हा लेख. गावाच्या समित्यांवर कुणाची निवड व्हावी, याचे काटेकोर नियम त्यात कोरले आहेत. गावाचे विभाग पाडावेत. पात्र व्यक्तींची नावे ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहून घड्यात टाकावीत. सर्वांसमक्ष एका लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढावी. निवड एका वर्षापुरती. आणि ज्याने पूर्वी समितीवर असताना हिशेब दिला नाही, तो अपात्र. एवढेच नव्हे, तर त्याचे जवळचे नातलगही अपात्र!

आजच्या राजकारणाला हा एकच नियम लावला तर किती सभागृहे ओस पडतील, याची कल्पना करावी. भारतीय ग्रामव्यवस्थेने घराणेशाहीचा रोग अकराशे वर्षांपूर्वी ओळखला होता आणि त्यावर इलाजही शोधला होता. २०२० च्या डिसेंबरात नव्या संसद भवनाच्या भूमिपूजनप्रसंगी पंतप्रधानांनी या शिलालेखाचा गौरवाने उल्लेख केला होता. गौरव झाला, आता अनुकरण केव्हा?

अर्थात परंपरेचा अभिमान म्हणजे जुन्याची आंधळी नक्कल नव्हे. उत्तरमेरूरच्या नियमांत उमेदवाराचे वय किमान ३५ असावे असे म्हटले आहे आणि जमीनजुमल्याचीही अट आहे. ग्रामव्यवस्थेतील जातिभेदाचे वास्तवही नाकारण्यात अर्थ नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्यातील संकुचितपणावर आणि अज्ञानावर कठोर प्रहार केले होते. त्या प्रहारांनी दुखावून जाण्याऐवजी ते इशारा म्हणून स्वीकारणे हेच समरसतेचे लक्षण आहे. आजच्या कायद्याने उमेदवारीचे वय २१ वर आणले, अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा दिल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचा वाटा निम्म्यावर नेला. ही परंपरेतील दोष दूर करणारी पावले आहेत. तरीही राखीव जागेवर निवडून आलेला तरुण सरपंच जर दुसऱ्याच्या वाड्यावर सही करायला जात असेल, निवडून आलेल्या महिलेच्या खुर्चीवर तिचा पती बसत असेल, तर कायदा जिंकला आणि समाज हरला असेच म्हणावे लागेल. हिंदू समाज एकसंध व्हावा अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीची बैठक ही पहिली कसोटी आहे. तिथे सर्व जातींचे तरुण एका सतरंजीवर बसून, एकाच हक्काने बोलतात का? उत्तर ‘नाही’ असेल तर व्यासपीठावरील एकात्मतेच्या घोषणांना काय किंमत उरते?

हिवरे बाजारने काय केले?

दुष्काळी गावात तरुणांनी ठरवले तर काय होऊ शकते, याचे उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने देऊन ठेवले आहे. १९८० च्या दशकात हे गाव पाण्याअभावी आणि दारूच्या व्यसनाने खिळखिळे झाले होते. लोक पोटासाठी गाव सोडत होते. अशा वेळी गावातील तरुणांनी एका एम. कॉम. झालेल्या मुलाला आग्रह केला आणि १९८९ मध्ये पोपटराव पवार गावचे सरपंच झाले. गावाने त्यांना बिनविरोध निवडून दिले. उमराण्यातही पद बिनविरोधच मिळवायचे होते. एका गावाने विश्वासापोटी माणूस निवडला आणि दुसरीकडे पैशाने पद घेऊ पाहिले गेले. ‘बिनविरोध’ हा शब्द एक, पण त्यामागील नीती दोन टोकांची.

पुढे हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री अंगीकारली. डोंगरउतारांवर चर खोदले, बांध घातले. शेतीसाठी विंधन विहिरी घेण्यास बंदी केली आणि पाणी पिणारी उसासारखी पिके वर्ज्य मानली. दरवर्षी पाऊस किती पडला ते मोजायचे, गावात पाणी किती उरले याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यानुसार कोणती पिके घ्यायची हे ग्रामसभेत ठरवायचे, अशी पद्धत रूढ केली. गाव सोडून गेलेली कुटुंबे परतली. २०२० मध्ये पोपटरावांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. या सर्व परिवर्तनाचे केंद्र कुठे होते? मंत्रालयात नव्हे, ग्रामसभेत.

आणि याच ग्रामसभेची इतरत्र काय अवस्था आहे? कायद्याने ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी गावातील एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. म्हणजे तीन हजार मतदारांच्या गावातही फक्त शंभर माणसे हवीत. तीही जमत नाहीत. मग सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्या सभेत आठ-दहा जण बसतात, घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी संमत होते, विकास आराखड्यावर अंगठे उमटतात आणि गावाच्या नावाने ठराव होतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपयांची शिफारस केली होती. त्यातील ६० टक्के निधी पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधलेला होता. आपल्या गावाच्या वाट्याला त्यातले किती आले आणि नळयोजना कोरडी का राहिली, हे विचारण्यासाठी निवडून येण्याचीही गरज नव्हती. वय वर्षे १८ पूर्ण आणि मतदारयादीत नाव, एवढे पुरेसे होते. गावातील गणेशोत्सव मंडळात शंभर तरुण सहज जमतात. तेच शंभर तरुण ग्रामसभेत आले तर कायदेशीर गणपूर्ती होते! उत्सव ज्या लोकमान्यांनी सार्वजनिक केला, त्यांना यापेक्षा वेगळे काय अभिप्रेत होते?

चेहरा नको, तयारी हवी

तरुणाला उमेदवारी दिली की काम झाले, हाही भ्रमच. केरळात मार्क्सवाद्यांनी डिसेंबर २०२० मध्ये तिरुवनंतपुरमच्या महापौरपदी २१ वर्षांच्या विद्यार्थिनीला बसवले. देशभर कौतुक झाले आणि धाडसाचे श्रेय विरोधकांनाही द्यावेच लागेल. परंतु पाच वर्षांनी, डिसेंबर २०२५ मध्ये, त्याच शहराच्या मतदारांनी डाव्यांची सत्ता घालवली आणि तेथे प्रथमच भारतीय जनता पक्षाचा महापौर झाला. नागरिक चेहऱ्याचे वय पाहत नाहीत, कारभार पाहतात. या निकालाने हर्ष झालेल्यांनी त्यातला इशाराही वाचावा. तो महाराष्ट्रातील नव्या सत्ताधाऱ्यांनाही तितकाच लागू आहे.

तयारी होते कुठे? एके काळी ती महाविद्यालयात होत असे. १९७३ च्या अखेरीस अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील वसतिगृहाच्या खानावळीचे दर वाढले आणि त्यातून गुजरातचे नवनिर्माण आंदोलन उभे राहिले. त्या पिढीने पुढे आणीबाणीशी झुंज दिली. महाराष्ट्रात मात्र हिंसाचाराचे कारण पुढे करून १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात महाविद्यालयीन खुल्या निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्या पुन्हा सुरू करण्याची तरतूद केली, २०१९ मध्ये त्या होणार असे वाटत असतानाच पुढे ढकलल्या गेल्या. अठराव्या वर्षी देशाचा पंतप्रधान ठरवण्यास योग्य असलेला विद्यार्थी आपल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडण्यास अयोग्य, हे कोणते तर्कशास्त्र? हिंसाचार होतो म्हणून निवडणुका बंद करायच्या, तर मग सार्वत्रिक निवडणुकांचे काय करायचे?

देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नागपूरचे नगरसेवक झाले तेव्हा कायद्याचे शिक्षण नुकतेच आटोपत होते आणि १९९७ मध्ये २७ व्या वर्षी ते महापौर झाले. आज ते राज्याचे मुख्यमंत्री आहेत. महापालिकेच्या सभागृहात विशीत पाऊल ठेवण्याचे मोल त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? म्हणूनच नऊ वर्षांचा हा खंड पुन्हा घडणार नाही आणि महाविद्यालयांच्या निवडणुका सुरू होतील, ही अपेक्षा त्यांच्याकडून अधिक आहे.

शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. १९८२ पासून रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी लोकप्रतिनिधींच्या प्रशिक्षणाचे काम करीत आहे. ज्यांच्या नावाने ती उभी आहे, ते रामभाऊ मतदारांना आपल्या कामाचा वार्षिक अहवाल देत असत. नानाजी देशमुखांनी साठी गाठताच सत्तेचे राजकारण सोडून गोंडा आणि चित्रकूटच्या खेड्यांत स्वतःला गाडून घेतले. तरुणांनी रामभाऊंकडून हिशेब द्यायला शिकावे आणि ज्येष्ठांनी नानाजींकडून खुर्ची सोडायला. दोन्ही धडे एकाच वेळी गिरवले गेले तरच पिढी बदलते.

जानेवारी २०२१ मध्ये निवडल्या गेलेल्या चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या पाच वर्षांच्या मुदती २०२६ मध्ये संपतात. महापालिकांत नवे सदस्य बसले आहेत. अशा वेळी कार्यकर्त्यांनी आणि कुटुंबांनी काय करावे, हे सांगायला मोठ्या योजनेची गरज नाही. निवडणुका मुदतीत व्हाव्यात यासाठी सत्ता आपल्या विचारांची असली तरी आग्रह धरावा. किंबहुना असली तर अधिकच धरावा. प्रत्येक शाखेने, प्रत्येक मंडळाने आपल्या गावातील ग्रामसभेची तारीख उत्सवाच्या तारखेइतक्या गांभीर्याने पाळावी. शहरांत क्षेत्रसभेची तरतूद २००९ पासून कायद्यात पडून आहे; ती प्रत्यक्षात आणण्याची मागणी नव्या नगरसेवकांकडे करावी. मतदाराने घराण्याच्या उमेदवाराला, तो आपल्या पक्षाचा असला तरी, एक प्रश्न विचारावा: वस्तीसाठी काय केले? आणि घरातील मुलगा वा मुलगी ‘मला उभे राहायचे आहे’ असे म्हणाली, तर आईवडिलांनी तिला गप्प करू नये. अर्ज भरायला सोबत जावे.

येत्या २ ऑक्टोबरला गावोगावी ग्रामसभा भरतील. तिथे सतरंज्या कुणीतरी घालीलच. त्यांवर शंभर तरुण येऊन बसतात का, एवढेच पाहायचे आहे.